हारेक राजाच्या दरबारातली उपडी शिंगं

एकदा काय झालं, पार तिकडे उत्तरेला, जिथे माणसांच्या मिशांवर बर्फ धरतं, तिथे एक राजा होता. हारेक त्याचं नाव. हिवाळ्यात तिथे भर दुपारीसुद्धा अंधार असतो, बरं का. मग जहाजं ओढून काठावर ठेवायची, लांबलचक दालनात मधोमध आग पेटवायची आणि गोष्टी ऐकत बसायचं. लिहिणंबिहिणं कोणी करत नसे. दरबारात जे सांगितलं जाई, तेच खरं. दिगू, ताईचं पांघरूण ओढू नकोस.

म्हणून तिथे एक रीत होती. लढाईची गोष्ट निघाली की त्या लढाईतली माणसं पुढच्या बाकांवर बसत. राजासकट प्रत्येकाच्या हातात बैलाचं शिंग आणि शिंगात मधाचं पेय. सांगणारा खोटं बोलला, की ज्याला खरं ठाऊक असेल त्याने आपलं शिंग जमिनीवर उपडं करायचं. गोष्ट तिथेच बंद! राजाची खोटी स्तुती केली तरी उपडं. खोटी स्तुती म्हणजे तोंडावर केलेली थट्टा, असं मानत ती माणसं. आपल्याकडे ही रीत असती तर निम्मी भाषणं बंद पडली असती.

मग एके हिवाळ्यात दरबारात आस्नी नावाची बाई आली. तिचा बाप केटिल, नावाडी. धुक्यातल्या लढाईत राजा शेवटपर्यंत लढला आणि केटिल मात्र होडी वळवून पळाला, असं राजाच्या भाटाने फार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. एकही शिंग उपडं झालं नव्हतं. झालं! केटिलला समुद्रातल्या एका खडकावर नेऊन टाकलं. कोणी त्याला विस्तव देईना, मीठ देईना. आस्नी चोरून होडीने जायची, भाकरी देऊन यायची. "बाबा, का पळालात?" विचारलं की म्हातारा म्हणायचा, "शब्द दिलाय, पोरी." बस, पुढे तोंडात मिठाची गुळणी. आता तो खोकून खोकून अर्धा झाला होता. हा हिवाळा त्या खडकावर निघणं कठीण होतं.

आस्नी म्हणाली, "महाराज, माझ्या बापाची गोष्ट मला नव्याने सांगायची आहे."

राजाने आगीत एक लाकूड सारलं. मग म्हणाला, "सांग. पण तिसऱ्यांदा शिंग उपडं झालं, तर भाटाची गोष्ट कायमची."

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "माझा बाप सगळ्यांच्या पुढे लढला." एका डोळ्याचा शिपाई म्हणाला, "पुढे मी होतो, बाई. केटिल नव्हता." आणि शिंग उपडं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पाण्याच्या ओढीने होडी वाहत गेली." एक म्हातारा वल्हेकरी म्हणाला, "धुक्यात दिसत नव्हतं, पण वल्ह्यांचा आवाज मी ऐकला. तो आपणहून वल्हवत गेला." शिंग उपडं.

खोट्याच्या कपाळी गोटा, तो दोनदा बसला. बापाच्या मायेपोटी का होईना, खोटं ते खोटंच.

मग तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "लढाई मी पाहिली नाही. मी लहान होते. मी घर पाहिलं, तेवढंच सांगते. बाबा भिजून आले. बरोबर एक मुलगा होता, बाबांच्या घोंगडीत गुंडाळलेला. दातावर दात वाजत होते त्याचे. मी त्याला जवाची पेज करून दिली. तो आईचं नाव घेऊन रडला. पहाटे बाबा त्याला घेऊन गेले. तो कोण होता, मला ठाऊक नाही."

कोणी शिंग उपडं करेना. त्या घरात त्यांच्यापैकी कोणी नव्हतंच ना! भाट तेवढा ओरडला, "ही काय लढाईची गोष्ट झाली? याला साक्ष कोण?"

तेव्हा राजा उठला.

"पेज करपली होती," राजा म्हणाला. "तरी मी भांडं चाटूनपुसून खाल्लं."

मग राजा म्हणाला, "सोळा वर्षांचा होतो. भ्यालो. केटिलच्या होडीत उडी टाकली. कोणाला सांगू नकोस म्हणालो, त्याने नाही सांगितलं. आणि इथेच बसून मी भाटाची गोष्ट ऐकली, तेव्हा माझं शिंग मी सरळच धरलं."

मला विचाराल तर सोळाव्या वर्षी भिणं हे काही पाप नाही. पण दुसऱ्याला खडकावर बसवून आपण आगीशी शेकत राहायचं, याचा मला राग येतो. गोष्ट सांगतानासुद्धा येतो.

मग राजा स्वतः होडी घेऊन निघाला. नावाडी नाही, शिपाई नाही, बरोबर एकटी आस्नी. खडकावर केटिल कुडकुडत बसला होता. राजाला पाहून तो घाबराच झाला. म्हणाला, "महाराज, मी नाही हो सांगितलं कोणाला!"

"ठाऊक आहे," राजा म्हणाला. "मीच सांगितलं." आणि त्याने म्हाताऱ्याला पाठुंगळीला घेतलं.

मग केटिल आगीजवळ बसून बरा झाला, आस्नी निवांत झाली, आणि राजाला कितीतरी वर्षांनी गाढ झोप लागली. तशीच तुम्हालाही लागू दे. चला, कुशीवर वळा.