थाळीवर भुललेली शेळी

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखवा. बघू कोणाची छाती होते ती.

एका गावात एक शेळी होती. धनी वारला, तशी दारोदार हिंडून पोट भरायची. नुकतीच व्यालेली, पदरात एकच करडू, तेही लटपटणारं.

सुताराची बायको भाकरी झाल्या की काटवट धुवायची आणि ते पिठूळ पाणी, त्यात शिळा तुकडा कुस्करून, दाराबाहेर घमेल्यात ओतायची. रोज. हाक नाही, बोलणं नाही. ओतलं की आत.

वाण्याची बायको मात्र थाळी बडवायची आणि राणी, सोनुली म्हणून हाका मारायची. आळीला कळायला नको, केवढी दयाळू ती? थाळीत एखाद्या दिवशी मूठभर तुरीची चुणी, म्हणजे डाळीचा चुरा. बाकी चार दिवस नुसतीच थाळी.

आधी शेळी दोन्हीकडं जायची. पण थाळी ठणठणली की तिच्या तोंडाला असं पाणी सुटायचं, की घमेल्यातलं अर्धं टाकून पळायची. मग घमेल्याकडं दोन दिवसांआड. मग तेही सुटलं. दिवसभर वाण्याच्या ओट्याखाली कान टवकारून उभी.

करडू म्हणालं, "आये, दूध येईना गं. घमेल्याकडं चल की."

"तिथं बोलावतं कोण आपल्याला?"

"पण खायला असतं."

"असंल. इथं मान आहे. आज नाही तर उद्या चुणी मिळंल."

"चुणी तू खातीस. मला दूध लागतं."

शेळीनं त्याला शिंगानं ढोसलं. फार बोलायला लागलंय म्हणाली.

तिकडं घमेल्यातलं आंबायला लागलं, कुत्री तोंड घालू लागली. सुताराच्या बायकोनं आठ दिवस वाट बघितली आणि घमेलं पालथं घातलं. तेही न बोलता.

एका सकाळी करडाला मान उचलवेना. "आये, आज जाऊ नको."

तेवढ्यात थाळी वाजली. "आलेच," म्हणून शेळी पळाली. आणि बघा नशीब, त्या दिवशी चुणी होती. शेवटच्या कणापर्यंत चाटून ती परत आली, तर करडू गार पडलेलं.

दिवसभर ओरडली बिचारी. दुसऱ्या दिवशी थाळी वाजली, तशी पुन्हा पळाली.

तात्पर्य: मोठ्यानं बोलावणारा पोट भरतोच असं नाही, आणि मुकाट्यानं वाढणाराही जन्मभर वाट बघत नाही.

झालं. माझं तोंड काय बघताय, निघा आता.