कमळ, पोपट आणि आरसा

एका राज्यात राणी दोनदा जन्म घेई. एकदा आईच्या पोटी, एकदा भिंतीवर. लग्नाच्या दिवशी दरबारचा चितारी तिचे चित्र काढी. आधी दागिने, मग शालू, मग चेहरा आणि सर्वांत शेवटी डोळे. डोळे उघडले की चित्र जिवंत होई आणि राणी मुकी होई. राजाच्या पणजोबांना राणीचे दरबारात बोलणे खपले नव्हते, म्हणून त्यांनी एका जादूगाराकडून हा शाप मागून घेतला होता. पुढे शापाची रीत झाली, आणि रीतीला जाब कोण विचारतो?

राजाची पणजी, आजी आणि आई, तिघी राण्या महालात मुक्याने बसलेल्या असत. शापाने त्यांचे बोलणे नेले आणि मरणही नेले.

चौथी पाळी हिरण्येची आली. ती चिताऱ्याची थोरली लेक. बापाला शाप ठाऊक होता, पण राजाची सोयरीक नाकारायची कुणी? बापाचे हात आता थरथरत, म्हणून कुंचला धाकटीकडे, कुमुदेकडे आला.

"महाराज, मी ताईचे डोळे काढणार नाही," कुमुदा म्हणाली.

"मग दुसरा काढील. मुदत सूर्यास्ताची," राजा म्हणाला. "मला दोष देऊ नकोस. मी माझ्या आईचा आवाजही कधी ऐकलेला नाही."

कुमुदा चित्रशाळेत जाऊन रडू लागली. तेव्हा आजीराणीच्या चित्रातला, तिच्या बोटावर बसलेला पोपट बोलला.

"रडू नकोस, रंग पातळ होतील. जादूगाराने चिताऱ्यांच्या तोंडून एक प्रश्न चोरला. तो सापडला की शाप सुटेल. कोणता, ते मला ठाऊक नाही. मी पडलो चित्रातला. पण तिघींच्या हातांवर खोटा रंग चढवला आहे, तो आधी खरवड. आणि मला एक पेरू दे. साठ वर्षे उपाशी आहे."

कुमुदेने शिंपला घेतला. पणजीराणीच्या चित्रातले कमळ खरवडताच भिंतीतून तळे वाहू लागले. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून खरवडत राहिली. कमळाखाली घोड्याचा लगाम निघाला.

"मला खरवडू नकोस, गुदगुल्या होतात," म्हणत पोपट आपणहून उडाला. त्याच्या जागी लेखणी निघाली, शाई अजून ओली.

आईराणीच्या हाती आरसा होता. कुमुदेने त्यात पाहिले, तर आत तिचाच चेहरा, फार देखणा, पापण्या झुकलेल्या. पाहता पाहता ती आपले काम विसरली. पोपटाने कानाला चोच मारली, तेव्हा तिने डोळे मिटून शिंपला चालवला. आरशाखाली एकतारी होती. दोन्ही रंग तिच्याच बापाच्या हातचे होते. त्याने पाहिले होते एक, आणि तेव्हाच्या राजाने सांगितले म्हणून त्यावर रंगवले दुसरे. कुमुदेला बापाचा राग आला, आणि कीवही आली.

दिवस कलला होता. ती धावत बहिणीपाशी आली. राजा खिडकीत उभा होता, तिन्ही राण्या बसल्या होत्या.

"ताई," कुमुदा म्हणाली, "तुझ्या हातात काय काढू?"

हिरण्येने आपल्या हातांकडे पाहिले. हे आजवर कुणी कुठल्याच राणीला विचारले नव्हते.

"काही नको. हात मोकळे ठेव. आणि नजर त्या तिघींसारखी खाली नको, समोर असू दे."

कुमुदेने तसेच काढले. शेवटी दुसऱ्या बुबुळाचा ठिपका तेवढा उरला. ठिपका पडला.

"महाराज, जरा बाजूला व्हा," हिरण्या म्हणाली. "उजेड अडतो आहे."

राजा बाजूला झाला. पणजीने घोडा मागितला, तो लगेच आणावा लागला. आजीने कागद मागितला. आईने मात्र राजाला जवळ बोलावले आणि इतक्या वर्षांचे राहिलेले विचारले.

"बाळा, जेवलास का?"

राजा तिच्या मांडीवर डोके ठेवून लहान मुलासारखा रडला.

पोपटाला पेरू मिळाला. त्या चित्रशाळेत आता चार राण्या समोर बघत असतात. कधी गेलात, तर नजर चुकवू नका. त्या काहीतरी सांगत असतात.