शुद्ध स्पिरिट

"बुवा, मला दीक्षा कधी देणार?"

हेरंबने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा काचेच्या बरणीकडे वळला. रसायनशास्त्र शिकून मठात आलेला पोरगा हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं!

सीतारामबुवा औषधशाळेच्या उंबरठ्यावर टेकले. "आज काय चाललंय?"

"जांभळाच्या फळांच्या वाळल्या सालींतली अँटिऑक्सिडंट काढतोय. औषधाचा सगळा जोर त्यांच्यात असतो."

"निघतात?"

"…नाही." हेरंबचा चेहरा उतरला. "स्पिरिट अगदी शुद्ध आणलंय, पाण्याचा थेंब नाही त्यात. तापवलं तर रंग करपला. भिजत ठेवलं तर जेमतेम गुलाबी."

बुवांनी बरणीत डोकावून पाहिलं.

"ते जाऊ द्या. दीक्षेचं सांगा. तिच्यासाठी घरदार सोडलं मी. माझ्यात काय कमी आहे? गावगप्पांत मी नसतो. कुणाकडे पाणी पीत नाही. रोग्यांना औषधसुद्धा खिडकीतून देतो. इतका सोवळा शिष्य मिळालाय का तुम्हाला?"

बुवा उठले. कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या उचलला आणि निम्मा बरणीत ओतला.

"अहो बुवा! नासवलंत की सगळं!"

हेरंब अगदी रडकुंडीला आला. पाणी घातलं की स्पिरिटचा जोर गेलाच, असं त्याचं पक्कं मत. रागारागाने तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

बुवा शांतपणे बरणी हलवत राहिले…

बऱ्याच वेळाने हेरंब वळून बघतो तर काय, बरणी गर्द जांभळी! त्याने घाईघाईने त्यातला थेंब तपासणीच्या द्रावात टाकला. अँटिऑक्सिडंट उतरली असतील तर तो द्राव फिका पडतो. बघता बघता फिका पडला.

"पाणी मिसळल्यावरच ती उतरतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

"छे रे! तुझं शास्त्र मला कुठलं कळायला?"

"मग पाणी का ओतलंत?"

"ते स्पिरिट बिचारं फार एकटं वाटलं."

हेरंबने बरणी उजेडात धरून पाहिली. मग हळूच म्हणाला, "आणि… माझी दीक्षा?"

बाहेर अंगणात औषधाला आलेल्या माणसांची पंगत बसत होती. बुवांनी तिकडे पाहिलं.

"आधी जेवून घे. त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याच्या शेजारी जागा आहे बघ."