पळसपरी आणि तीन कोनशिला

आटपाट नव्हतं आणि नगरही नव्हतं. होता एक एवढासा टोला, म्हणजे वाडी, पळसाच्या रानाला टेकून बसलेला. त्याचं नाव मोहटोला. फाल्गुन आला की सगळं रान केशरी केशरी व्हायचं, मोहाची पिवळी, रसाळ, इवली इवली फुलं टपटप गळायची, आणि या रंगांच्या मधोमध उभी असायची गावाची शाळा. एक खोली, एक दार, एक खिडकी.

खोलीत पहिली आणि दुसरी बसायची. तिसरी-चौथी बसायची बाहेर कडुनिंबाखाली. ऊन सरकलं की वर्ग सरकायचा. वारा आला की वह्या उडायच्या, आणि शेळ्या आल्या की वह्या संपायच्या.

दुसरी खोली मिळावी म्हणून गावानं काही केलं नव्हतं असं नाही. शाळेमागच्या मोकळ्या जागेत तीनदा भूमिपूजन झालं होतं. तीनदा मांडव पडला, तीनदा नारळ फुटला, तीनदा पाहुण्यांनी कुदळ मारून फोटो काढले आणि धुरळा उडवत गाड्या गेल्या त्या गेल्याच. मागे राहिल्या तीन कोनशिला. मोठाल्या, काळ्याभोर, सोनेरी अक्षरांच्या. पहिलीवर भागरथा आजी कुरड्या वाळवायची. दुसरीवर लांजेवार गुरुजी बसायचे. तिसरीवर शेळ्या बसायच्या, पण सरपंच डोमाजी त्यांना रोज हाकलून ती पुसून घ्यायचे. कारण तिसरीवर सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, त्यांचंही नाव होतं.

तेव्हापासून मोहटोल्याचा कोणावर म्हणून विश्वास उरला नव्हता. पोस्टमननं पत्र दिलं तर लोक आधी पाकीट उन्हात धरून बघायचे. जावई लाडू घेऊन आला तर सासू पहिला लाडू त्यालाच खायला लावायची.

आणि अशा गावात सगळ्यात संशयी कोण, तर आठ वर्षांची सुगी! मनानं ती लोण्याहून मऊ. चिमण्यांसाठी रोज पाणी ठेवायची, पण वाटी कोणी नेईल म्हणून तिला दोरी बांधायची. तिची आई मोहफुलं वेचायची, पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायची. घरात या दोघीच. कधी भाजी असायची, कधी नुसतं मीठ-भाकर. पण सुगीला शाळा इतकी आवडायची, इतकी आवडायची की सुट्टीच्या दिवशीही ती खिडकीतून आत बघून यायची. शाळा जागेवर आहे ना, याची खात्री करायला.

त्या वर्षी तालुक्याहून पत्र आलं. गुरुजींनी ते कडुनिंबाखाली वाचून दाखवलं. शाळा उघडायच्या आत दुसरी खोली झाली नाही, तर तिसरी आणि चौथी नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात जाईल.

सुगी यंदा तिसरीत जाणार होती. नाल्यापलीकडची वाट रानातून जायची आणि त्या रानात अस्वलं मोहफुलं खायला यायची. आई हळूच म्हणाली, "मंग शाळा पुरे कर बाई. अस्वलाच्या वाटंनं मी तुले नाही धाडत."

 दुसऱ्या दिवशी सकाळी सुगी टोपली घेऊन मोहफुलं वेचायला गेली तेव्हा एका पळसाला मिठी मारून ती खूप रडली.

तेवढ्यात वरून बारीक आवाज आला. "अगं, रडून झालं असेल तर मला सोडवशील का?"

सुगीनं वर पाहिलं. फांदीवर लाल लाल लाख धरली होती, आणि त्या चिकट लाखेत एका परीचा पंख अडकला होता! बोटाएवढी परी. पळसाच्या पाकळ्यांचा झगा, मोहफुलाची टोपी, आणि पंखांवर केशरी चमचम.

सुगीनं आधी झाडामागे पाहिलं. मग दुसऱ्या झाडामागे पाहिलं.

"फोटोवाले कुठं आहेत?"

"कोण फोटोवाले?" परीनं विचारलं.

"तुह्यासंगचे. आन् नारळ आणला का?"

"मी पळसपरी आहे गं. माझ्याबरोबर कोणीही नाही. पंख दुखतोय."

पंख दुखतोय म्हटल्यावर सुगीला राहवेना. लाख ऊब मिळाली की मऊ होते, हे तिला ठाऊक होतं. तिनं फांदी जवळ ओढली आणि हा... हा... करत आपला कढत श्वास त्या लाखेवर सोडत राहिली. धाप लागली तरी थांबली नाही. शेवटी लाख सुटली, पंख सुटला, आणि चिमूटभर चमकी सुगीच्या नाकावर सांडली.

"माग एक वर," परी म्हणाली.

"फुकट?"

"फुकट."

"मंग नक्कीच काही गडबड आहे." सुगी दोन पावलं मागे सरली. पण मागे सरता सरताच तिच्या तोंडून निघून गेलं, "शाळेले एक खोली पायजे."

"कशी हवी खोली?"

"मोठी."

"मोठी म्हणजे केवढी? मुलं किती बसणार? पावसाचं पाणी कुठून येतं? फळ्यावर ऊन कधी पडतं?"

सुगीला यातलं काहीच सांगता येईना. "पाह्य, तूबी टाळून राह्यली!" ती म्हणाली.

"टाळत नाहीये. तीनदा तुमच्याकडे लोक आले. त्यांतल्या एकानं तरी हे विचारलं का?"

सुगीनं गावात ऐकलेल्या सगळ्या गोष्टी आठवून पाहिल्या. नव्हतं विचारलं कोणी.

मग तिनं गुरुजींना गाठलं. गुरुजींनी सगळ्या पोरांना मोकळ्या जागेत रांगेनं बसवलं आणि चुन्यानं भोवती रेघ ओढली. एवढी खोली! टेकडीकडून येणारं पाणी कुठवर चढतं ते भागरथा आजीनं काठीनं दाखवलं, म्हणून जोतं कमरेइतकं उंच ठरलं. सगळ्यात बुटका गणू जिथून बाहेर बघू शकेल तिथे खिडकी ठरली. फळा उत्तरेच्या भिंतीला. सुगीनं हे सगळं पळसाच्या पानावर काट्यानं कोरून परीला नेऊन दाखवलं.

"आता झाली खोली," परी म्हणाली. "बांधायची तेवढी राहिली. माझे नियम ऐक. खोलीवर कोणाचंही नाव लागणार नाही. गाव जेवढं देईल तेवढंच मी देईन, एकाला एक. आणि ज्यानं त्यानं आपली टोपली पानांनी झाकून आणायची, दुसऱ्याच्या टोपलीत डोकावायचं नाही. जो डोकावेल त्याच्या वाट्याचं मी दिलेलं सगळं फुलं होऊन जाईल. माझ्यावरही कोणी पाळत ठेवायची नाही. तू ठेवलीस, तर त्या दिवशीचं देणं फुलं होईल आणि मी पुन्हा येणार नाही."

"काहून? तू काय करतेस ते काहून पाह्यचं नाही?"

"ते मी नाही सांगणार."

सुगीच्या मनात तिथेच एक काटा रुतला.

गावात तिनं सगळं सांगितलं. गाव पोट धरून हसलं. सरपंच डोमाजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "पह्यले साहेब येत होते, आता परी! आन् नाव लागणार नाही म्हंते. म्हंजे माहं नाव खोडाचा डाव आहे हा, दुसरं काही नाही."

कोणी काही दिलं नाही. दिलं फक्त सुगीच्या आईनं. पाण्याच्या माठाखाली तीन विटा होत्या. तिनं माठ जमिनीवर ठेवला आणि विटा टोपलीत घालून वर पानं पसरली. सकाळी त्या मोकळ्या जागेत सहा विटा होत्या. तीन जुन्या आणि तीन नव्या, केशरी झाक असलेल्या, कोवळ्या उन्हात लुकलुकणाऱ्या.

गावानं लगेच आपापल्या घरच्या विटा मोजल्या. कोणाचीही गेली नव्हती. भागरथा आजीला राहवेना. तिनं छपरावरचं एक फुटकं कवेलू झाकून आणून ठेवलं. सकाळी शेजारी दुसरं कवेलू होतं, तेही फुटकं!

"हात्त माय!" आजी म्हणाली. "जसं देलं तसंच देते व हे!"

मग आजीनं चांगली कवेलं आणली. मग कोणी बांबू आणले, कोणी रेती, कोणी दगड. डोकावलेही काही जण. शेजाऱ्यानं आपल्याहून कमी तर नाही ना दिलं, ही खाज मोठी वाईट. त्यांच्या वाट्याला सकाळी फुलांचा ढीग यायचा, आणि फुलांचा ढीग कोणाचा हे साऱ्या गावाला दिसायचं. दोन-तीनदा अशी फजिती झाल्यावर माना वळणं बंद झालं. गवंडीकाम येणारे भिंत लावू लागले, बाया पाणी वाहू लागल्या, पोरं चिखल तुडवू लागली. जोतं झालं. भिंती झाल्या. बुटक्या गणूच्या उंचीची खिडकी झाली. लालचुटुक कवेलांचं छप्परही चढलं.

राहिल्या फक्त पायऱ्या. जोतं कमरेइतकं उंच, लहानग्यांनी चढायचं कसं? आणि दोनच दिवसांनी तालुक्याचे साहेब खोली बघायला येणार होते. पायऱ्यांसाठी गावानं शेवटचे दगड दिले. परीनं तेवढेच दिले की काम संपलं.

पण सुगीच्या मनातला काटा आता सलू लागला. परी एवढं देते, घेत काहीच नाही, असं कुठं असतं? उद्या शेवटच्या दिवशी चौथी कोनशिला आणून ठेवेल. तिच्यावर पळसपरीचं नाव असेल. सोनेरी अक्षरांत!

पहाट फुटताना सुगी भिंतीआड लपली आणि तिनं कोपऱ्यातून डोकावून पाहिलं.

परी आली. गावानं दिलेल्या पहिल्या दगडाजवळ बसली, आपल्या पंखावरची एक चमकी तिनं नखानं खरवडून काढली आणि जमिनीवर ठेवली. चमकीचा दगड झाला. मग दुसरी काढली. दुखल्यावर मिटतात तसे तिनं डोळे मिटले होते. पंख आता जवळजवळ कोरे झाले होते, कांद्याच्या सालीसारखे. प्रत्येक वीट, प्रत्येक कवेलू तिच्या पंखांतून आलं होतं.

"परी!" सुगीच्या तोंडून हुंदका निघाला.

परीनं वळून पाहिलं. रागावली नाही. फक्त म्हणाली, "अगं, एकच दिवस थांबायचं होतंस." आणि ती दिसेनाशी झाली. तिनं मांडलेल्या दगडांची फुलं झाली. अंगणात उरले गावाचे दगड, अर्ध्याच पायऱ्यांपुरते.

सुगीला पळून जावंसं वाटलं. सांगितलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं; फुलं कोणाचीही असू शकली असती. पण शेजारीपाजारी एकमेकांकडे बघू लागले. 'तूच डोकावलास', 'तूच डोकावलीस' सुरू झालं. तेव्हा सुगी अर्ध्या पायऱ्यांवर उभी राहिली.

"कोणीच नाही डोकावलं," ती रडत म्हणाली. "मी डोकावली. तिनं सारं आपल्या पंखातून काढून देलं, आन् मले वाटलं ते नाव लावाले आली. आता ते कधीच येणार नाही."

भागरथा आजीनं पदरानं तिचे डोळे पुसले. "रडू नको व माय. आमी त रोज तुह्यावरच नजर ठेवून होतो, का ही पोरगी इटा आणते कुठून. सारं गावच तसं. तुले एकटीले कोण बोलंन?"

"पण पायऱ्या?" गुरुजी म्हणाले. "साहेब उद्या येतील. जोत्यावर पोरं चढणार कशी?"

सुगी मान खाली घालून बघत होती ते थेट त्या तीन कोनशिलांकडे. लांब, रुंद, गुळगुळीत. बरोबर पायरीएवढ्या. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तिसऱ्या कोनशिलेजवळ सरपंच डोमाजी उभे होते.

डोमाजींनीही तिची नजर कुठे आहे ते पाहिलं. त्यांनी आपल्या नावावरून एकदा बोट फिरवलं. अकरा वर्षं रोज पुसलेलं नाव. मग ते नव्या खोलीच्या खिडकीकडे पाहत राहिले. खिडकीतून गणूचं डोकं दिसत होतं.

"सबल, पहार, काय असंल ते आणा गा कोणी," ते म्हणाले. "पह्यली माहीच काढा. आन् ठेवा उलटी. अक्षरं खाली."

कोण किती जोर लावतंय, कोणी बघितलं नाही. सगळ्यांचे डोळे फक्त शिळेवर होते. पहिली उलटली, दुसरी उलटली, तिसरी उलटली. गावाच्या दगडांवर तीन काळ्या, गुळगुळीत पायऱ्या बसल्या. गणू दुडूदुडू चढून गेला आणि आतून ओरडला, "मी वरती!"

त्याच क्षणी खिडकीतून केशरी उजेड आला. वरच्या पायरीवर पळसपरी उभी होती, आणि तिच्या पंखांवर एक, दोन, दहा, शंभर चमक्या उमलत होत्या.

"तू त येणार नव्हतीस!" सुगी म्हणाली.

"द्यायला नाही आले. घ्यायला आले. गाव बिनशंकेनं काही देईल, तेव्हाच माझी चमक मला परत मिळणार होती. दोनशे वर्षांत पहिल्यांदा मिळतेय." परी हसली. "आता तरी विश्वास बसला का माझ्यावर?"

सुगीनं डोळे पुसले. "बसला. मले माफ कर."

उजेड मोठा मोठा होत गेला. भिंती सोनेरी झाल्या, कवेलं सोनेरी झाली, शेळ्यासुद्धा सोनेरी झाल्या. आणि मग उजेड पळसाच्या रानाकडे निघून गेला. खिडकीत एक पाकळी तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांनी भिंतीवर टकटक केलं, खिडकी मोजली, छपराखाली उभं राहून वर पाहिलं. "छान आहे. पण दिली कोणी? कोनशिला दिसत नाही कुठे," ते संशयानं म्हणाले.

"पायाखाली पाहा जी," सरपंच डोमाजी म्हणाले. साहेबांनी पायाखाली पाहिलं. तिथे नुसती पायरी होती. त्यांनी कागदावर लिहिलं, खोली आहे, तिसरी-चौथी इथेच राहील.

शाळा उघडली त्या दिवशी सुगी सगळ्यांच्या आधी आली. पहिली पायरी तिनं पायानं दाबून पाहिली. दुसरीही दाबून पाहिली. तिसरीवर मात्र न बघता पाय टाकला, आणि तिसरीच्या वर्गात जाऊन बसली.