वळणावरचा हॉर्न

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात भाड्याची एकच गाडी होती. ती दौलतची. नवरीला सासरी न्यायचं असो की दुखणाईताला दवाखान्यात, गाव दौलतच्याच दारी यायचं. दौलतही कुणाला नाही म्हणायचा नाही. गाडी जुनी होती, पण त्याने ती जिवापाड जपली होती. रोज सकाळी तिला पुसायचा, उदबत्ती ओवाळायचा आणि मगच चावी फिरवायचा.

एके दिवशी देवळापाशी गाडी वळवताना पुढच्या चाकातून आवाज आला. कट्, कट्, कट्. सरळ रस्त्याला लागल्यावर तो थांबला. दौलतला भीती वाटली. मिस्त्रीकडे नेली तर गाडी तिथेच अडकून पडेल. लोक म्हणतील, दौलतची गाडी आता खटारा झाली, आणि शेजारच्या गावातली नवी गाडी बोलावतील. बिचाऱ्याचं पोट या जुन्या गाडीवरच होतं, त्यामुळे भीती काही खोटी नव्हती. पण भीतीने त्याला भलतंच सुचवलं. पुढच्या वळणावर त्याने लांबलचक हॉर्न वाजवला, आणि चाकाचा आवाज त्याखाली दडपून गेला.

मग तीच सवय जडली. वळण आलं की हॉर्न. मोकळ्या माळावर, जिथे एखादी शेळीसुद्धा आडवी यायची नाही, तिथेही हॉर्न. गंमत अशी, की गावात त्याचं कौतुक व्हायला लागलं. "दौलत लई जपून चालवतो," लोक म्हणायचे. "एक वळण बिनहॉर्नचं सोडत न्हाई." हे ऐकून आधी त्याला लाज वाटायची. हळूहळू तीही वाटेनाशी झाली. आपण खरंच मोठे जपून चालवणारे आहोत, असं त्यालाही वाटू लागलं.

पुढे एका सकाळी गावातल्या ठकूबाईने त्याला बोलावलं. तिची लेक कौसल्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आता तिला बाळासह घाटावर सासरी पोचवायचं होतं. पाळणा टपावर बांधला, शिदोरी मागे ठेवली, ठकूबाईने गाडीपुढे नारळ फोडला. कौसल्या बाळाला मांडीवर घेऊन मागे बसली आणि ठकूबाईही तिच्या शेजारी बसली.

"दौलतदादा, आज तेवढा हॉर्न वाजवू नगा," ती हळूच म्हणाली. "रातभर किरकिर करत हुतं. आत्ता कुठं डोळा लागलाय."

दौलतने मान हलवली. देवळाचं वळण आलं. अंगठा हॉर्नवर गेला आणि तिथेच थांबला. गाडी वळली, आणि कित्येक दिवसांनी त्याला आपल्या गाडीचा आवाज ऐकू आला. आता तो कट् कट् राहिला नव्हता. खडाक्, खडाक् असा वाजत होता.

"काय वाजतंय?" कौसल्याने विचारलं.

"खडा उडाला असंल," दौलत म्हणाला.

पुढच्या वळणावर आवाज आणखी मोठा झाला. हातातलं स्टेअरिंग थरथरलं. समोर घाटाचा चढ दिसू लागला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. एक हॉर्न वाजवला असता तर फार तर बाळ रडलं असतं आणि दौलतची अब्रू झाकलेली राहिली असती. त्याने आरशात पाहिलं. दुपट्यातून बाळाची इवलीशी मूठ बाहेर आली होती. दौलतला स्वतःची फार शरम वाटली. त्याने गाडी झाडाखाली घेतली आणि बंद केली.

"मावशी, गाडीत दोष हाय," तो खाली मान घालून म्हणाला. "लई दिवसांचा. तो ऐकू येऊ नये म्हणून मी हॉर्न वाजवायचो. ही गाडी मी घाटात नेणार न्हाई."

"आमाला वाटायचं, तू आमच्या काळजीनं वाजवतोस," ठकूबाई म्हणाली. दौलतला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्याने येणारी एसटी हात करून थांबवली. पाळणा स्वतः उचलून आत ठेवला आणि मायलेकींना बसवून दिलं. मग रिकामी गाडी हळूहळू मिस्त्रीकडे नेली.

निवृत्ती मिस्त्रीने विचारलं, "कुठल्या अंगाला वळताना वाजतं?"

रोज गाडी चालवणाऱ्या दौलतला तेवढंही सांगता येईना. मिस्त्री शेजारी बसला आणि त्याने मैदानात गोल फेऱ्या मारायला लावल्या. डावीकडे वळताना गाडी गप्प होती. उजवीकडे वळताच खडखड सुरू झाली. मिस्त्रीने जॅक लावून डावं चाक काढलं. इंजिनाचा जोर चाकाला पोचवणाऱ्या आतल्या सांध्यावरचं रबरी टोपण फाटलं होतं. ग्रीस उडून गेलं होतं आणि त्या जागी वाळू शिरून सांधा झिजला होता.

"पहिल्यांदा वाजलं तवा आला असतास तर नवं टोपण आन् मूठभर ग्रीसवर भागलं असतं," मिस्त्री म्हणाला. "आता अख्खा सांधा बदलावा लागंल. चढावर तुटला असता तर इंजिन नुसतं फिरलं असतं आणि गाडी उलटी मागं आली असती."

गाडी दुरुस्त झाली. गावाला सगळं कळलं होतं. आता आपल्या दारी कोण येणार, असं मनाशी म्हणत दौलत ओट्यावर बसून राहिला. पहिली आली ती ठकूबाईच.

"लेकीला आन् नातवाला सणाला घेऊन यायचंय. चल," ती म्हणाली.

"मावशी, अजून माझ्या गाडीत बसणार?"

"तुझा हॉर्न आमच्यासाठी नव्हता," ठकूबाई दार उघडत म्हणाली, "पर त्या दिवशीचं थांबणं आमच्यासाठीच हुतं."

दौलतने डोळे पुसले आणि गाडी काढली. देवळाचं वळण आलं, आणि गाडी आवाज न करता वळली.

तात्पर्य: दोष झाकायला केलेला गाजावाजा दोषाला वाढायला वेळ देतो; आपली चूक आधी आपण ऐकावी आणि वेळीच कबूल करावी, म्हणजे चूकही सुधारते आणि गेलेला विश्वासही परत येतो.