चाकाखाली मुंगीचं दार

एक होती मुंगी. तिळाहून बारीक. पण पायांना सदा घाई. इकडे तुरुतुरु, तिकडे तुरुतुरु.

सिंधूमावशीच्या अंगणात तिचं घर होतं. मातीत एक छोटंसं भोक. तेच तिचं दार. घरात तिची धाकटी बहीण, बारकी.

"ताई, भूक लागली," बारकी म्हणाली.

"आलेच हं," मुंगी म्हणाली.

मुंगी गेली स्वयंपाकघरात. रव्याचा एक कण उचलला. डोक्यावर घेतला. तुरुतुरु तुरुतुरु परत आली.

बघते तर काय, दारच नाही.

दाराच्या जागी काळं काळं चाक. चाकावर मावशीची म्हातारी गाडी. ही गाडी थोडं पेट्रोल प्यायची, थोडी वीज खायची. आज मावशी तिला घेऊन निघाली, आणि गाडी फाटकापाशीच बसली. घर्र घर्र, खुट्ट. बसली ती बसली. नेमकी मुंगीच्या दारावर.

मुंगीनं मातीला कान लावला.

"बारके, आहेस ना गं?"

खालून बारीक आवाज आला. "ताई, दार कुठं गेलं? तू कुठं आहेस?"

"आले गं, आले. घाबरू नको."

मुंगी चाकाला म्हणाली,

"चाका चाका, सरक ना.
दार उघडेना,
बारकी भेटेना."

"मी नाही जा," चाक म्हणालं. "मला ढकलायला मोटर लागते. मोटर चालली, तर मी सरकेन. जा मोटरकडे."

मुंगीला कुठला धीर? निघाली तुरुतुरु तुरुतुरु. चाकावरून वर, गाडीच्या पोटात.

"मोटरबाई मोटरबाई, चाल ना.
चाक सरकेना,
दार उघडेना,
बारकी भेटेना."

"मी नाही जा," मोटर म्हणाली. "पोटात वीज नाही, चालू कशी? शेजारचं इंजिनही माझ्याविना उठत नाही. बॅटरी तापून बसलीय. बॅटरी निवली, तर मी चालेन. जा बॅटरीकडे."

मुंगीला कुठला धीर? निघाली तुरुतुरु तुरुतुरु. मागच्या सीटखाली बॅटरी बसली होती. हुश्श हुश्श करत होती.

"बॅटरीबाई बॅटरीबाई, निव ना.
मोटर चालेना,
चाक सरकेना,
दार उघडेना,
बारकी भेटेना."

"मी नाही जा," बॅटरी म्हणाली. "अंगाची नुसती लाही लाही. पंखा फिरला, तर मी निवेन. जा पंख्याकडे. आणि माझ्यावर उभी राहू नको, पाय भाजतील."

मुंगीचे पाय भाजलेच होते. चट चट चट. तरी निघाली तुरुतुरु तुरुतुरु.

"पंख्या पंख्या, फिर ना.
बॅटरी निवेना,
मोटर चालेना,
चाक सरकेना,
दार उघडेना,
बारकी भेटेना."

"मी नाही जा," पंखा म्हणाला. "गरगर फिरून दमलो. वाराच येत नाही, तर घालू काय? जाळीतून वारा आला, तर मी फिरेन. जा जाळीकडे."

मुंगीला कुठला धीर? निघाली तुरुतुरु तुरुतुरु. सीटच्या कडेला एक जाळी होती. सीटवर मावशीचं मांजर झोपलं होतं. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र. मुंगी त्याच्या मिशीखालून गेली. हळूच.

"जाळीबाई जाळीबाई, वारा सोड ना.
पंखा फिरेना,
बॅटरी निवेना,
मोटर चालेना,
चाक सरकेना,
दार उघडेना,
बारकी भेटेना."

"बी दाही जा," जाळी म्हणाली. तिचं नाक चोंदलं होतं. "रोज हे बांजर इथंच झोपतं. त्याचे केस बाझ्या दाकात. बावशीदं बघितलं, तर बी वारा सोडेद. जा बावशीकडे."

मुंगीला कुठला धीर? निघाली तुरुतुरु तुरुतुरु. मावशी अंगणात उभी होती. काखेत पिशवी, कपाळाला आठी. मुंगी तिच्या पदरावरून चढली. थेट कानापाशी गेली.

"मावशी मावशी, बघ ना.
जाळीतून वारा येईना,
पंखा फिरेना,
बॅटरी निवेना,
मोटर चालेना,
चाक सरकेना,
दार उघडेना,
बारकी भेटेना."

"अगं बाई," मावशी म्हणाली. "मला गाडीतलं काय कळतंय? उगीच कुठं हात घातला आणि मोडलं म्हणजे? गफूरमामांनी सांगितलं, तर मी बघेन. जा मामांकडे."

गफूरमामा म्हणजे गाड्या दुरुस्त करणारे मामा. ते गाडीपुढं उकिडवे बसले होते. हातात पान्हा, दाढीला ग्रीस. मुंगी त्यांच्या पान्ह्यावर चढली.

"मामा मामा, सांगा ना.
मावशी बघेना,
जाळीतून वारा येईना,
पंखा फिरेना,
बॅटरी निवेना,
मोटर चालेना,
चाक सरकेना,
दार उघडेना,
बारकी भेटेना."

"काय सांगू बेटा?" मामा म्हणाले. "गाडीला बोलता येत नाही. ती दिवे लावून सांगते, इथं दुखतंय, तिथं दुखतंय. मावशी, कुठला दिवा लागलाय?"

"एकही नाही लागला," मावशी म्हणाली.

"मग गाडी बरी आहे."

"बरी आहे तर चालत का नाही, गफूरभाई?"

"तेच तर. दुखत असेल तर दिवा लागायला पाहिजे."

"तुम्हाला काही येत नाही, असं सांगा ना सरळ."

मामा हसले. मग मुंगीला म्हणाले, "दिवा दिसला, तर मी सांगेन. जा दिव्याकडे."

जमिनीखालून आवाज आला. अगदी बारीक. "ताई, अजून किती वेळ?"

मुंगीला कुठला धीर? निघाली तुरुतुरु तुरुतुरु. तुरुतुरु तुरुतुरु. चाकावरून वर, दारातून आत, स्टिअरिंगवरून पलीकडे. तिथं काचेमागं दिवे होते. सगळे गप्प.

"दिव्या दिव्या, दिस ना.
मामा सांगेना,
मावशी बघेना,
जाळीतून वारा येईना,
पंखा फिरेना,
बॅटरी निवेना,
मोटर चालेना,
चाक सरकेना,
दार उघडेना,
बारकी भेटेना."

"मी कधीचा लागलोय गं," दिवा म्हणाला. "लाल लाल लागलोय. पण दिसू कसा? माझ्यावर टिकली बसलीय."

खरंच की. काचेवर एक टिकली होती. मोठी, गोल, मरून रंगाची. मावशीची. लाल दिवा मावशीच्या डोळ्यात खुपायचा. गाडी चालवताना सारखा टकामका बघायचा. मग एक दिवस मावशीनं आपल्या कपाळावरची टिकली काढली आणि दिव्यावर लावून टाकली. दिवा दिसेनासा झाला. मावशीला वाटलं, बरी झाली गाडी. आणि ती विसरूनही गेली.

मुंगी टिकलीला म्हणाली,

"टिकले टिकले, ऊठ ना.
दिवा दिसेना,
मामा सांगेना,
मावशी बघेना,
जाळीतून वारा येईना,
पंखा फिरेना,
बॅटरी निवेना,
मोटर चालेना,
चाक सरकेना,
दार उघडेना,
बारकी भेटेना."

"मी नाही जा," टिकली म्हणाली. "मला चिकटता येतं. उठता येत नाही."

"मग कुणाकडे जाऊ?"

"मला काय माहीत?"

मुंगी थांबली. आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही.

तिनं डोक्यावरचा रवा खाली ठेवला. टिकलीभोवती एक चक्कर मारली. एके ठिकाणी टिकलीची कड जराशी उचललेली होती. एवढीशी. मुंगी मावेल एवढीच.

मुंगी आत शिरली. गोंद पायाला लागला. चिक चिक. एक पाय सोडवला, दुसरा चिकटला. चिक चिक. मुंगीनं डोकं लावलं. पाठ लावली. ढकललं. टिकली हलेना. पुन्हा ढकललं. चिक... चिक... चर्र.

टप्प. टिकली सुटली आणि खाली पडली.

दिवा दिसला. लाल लाल, लख्ख.

मामा खिडकीतून डोकावले. "मावशी, हा काय लागलाय. आणि ही टिकली कुणाची?"

मावशी गोरीमोरी झाली. "माझीच. तो सारखा बघत होता हो माझ्याकडे."

"अहो, तो हाक मारत होता तुम्हाला. तुम्ही त्याचं तोंडच बंद केलंत."

मामांनी सांगितलं. "बॅटरी तापलीय. मागच्या सीटजवळ जाळी आहे, ती बघा."

मावशीनं बघितलं. आधी मांजराला उचललं. म्याँव. मग जाळीतले केस ओढले. ओढले, ओढले, ओढले. हातात हा एवढा गोळा आला.

"अगंबाई," मावशी म्हणाली. "यात दुसरं मांजर होईल."

जाळीनं शिंक दिली. आक्छी. जाळीतून वारा आला.
वारा आला, पंखा फिरला. भर्र भर्र भर्र.
पंखा फिरला, बॅटरी निवली. हाऽऽश.
बॅटरी निवली, दिवा विझला.
दिवा विझला, मोटर चालली. गूँऽऽ गूँऽऽ.
मोटर चालली, चाक सरकलं. सर्र सर्र सर्र.

मुंगीनं रवा उचलला. उडी मारली. तुरुतुरु तुरुतुरु दारापाशी आली.

पण दार कुठं होतं? माती चेपून सपाट झाली होती. वर चाकाची नक्षी. भोक नाही, काही नाही.

"बारके," मुंगीनं हाक मारली.

आवाज नाही.

"बारके गं."

आवाज नाही. मुंगी या टोकाला धावली, त्या टोकाला धावली. पायानं माती उकरू लागली. खर्र खर्र. खर्र खर्र.

आणि खालूनही आवाज आला. खर्र खर्र. खर्र खर्र.

मातीचा एक कण हलला. दुसरा हलला. तिसरा बाजूला पडला. भोकातून एक इवलंसं डोकं वर आलं. डोक्यावर माती, मिशांवर माती.

"ताई," बारकी म्हणाली, "मी केव्हाची उकरतेय. तू कुठं होतीस?"

मुंगीनं तिला जवळ घेतलं. तिची माती झटकली. मग सांगायला लागली. "अगं, काय सांगू? दिवा दिसेना, मामा सांगेना, मावशी बघेना..."

"ताई."

"काय गं?"

"आधी रवा दे."

दोघी दारात बसल्या. रवा खाल्ला, कुडुम कुडुम.

मावशीची गाडी गेली गावाला,
मुंग्या गेल्या घराला,
आणि गोष्ट आली, बाळा, तुझ्या उशाला.