फाटकावरची वही

विषय: पहिलीतील कु. शाल्मली खरोटे हिचा फोटो शाळेच्या सोशल मीडियावरून काढण्याबाबत, आईचा अर्ज.

फोटोखाली नाव, वर्ग, रिक्षाथांबा सगळे छापले होते. "सुटते कधी?" असे कुणा अनोळखी माणसाने खाली विचारलेही होते.

शाळेचे अध्यक्ष दिघेसाहेब हसले. "ताई, नुसतं बघून मुलगी झिजते का?"

"नाही साहेब. पण मी तिची आई. विसरलेला डबा द्यायला आले, तरी शिपाई फाटकावर माझं नाव, नातं, काम वहीत लिहून सही घेतो. काल तिला अकराशे जणांनी पाहिलं. त्यांच्या सह्या दाखवा."

साहेबांनी मोबाइल उघडला. शाल्मलीचा फोटो काढून टाकला, मग सगळ्याच मुलांचे काढले. शेवटी स्वतःच्या खात्यावरचा आपल्या नातीचाही काढला.

कागदोपत्री अर्ज अद्याप प्रलंबित आहे.